कथा तिसऱ्या पानावर अडते तेव्हा: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

"मॅडम, सुचतच नाहीये हो."

जून संपला की हे फोन सुरू होतात ते गणपती येईपर्यंत थांबत नाहीत. एका छोट्या दिवाळी अंकाचा कथाविभाग मी बरीच वर्षं सांभाळते आहे. का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हा त्यांनाही लेखकांनी असंच छळलं असणार, अशी मनाची समजूत घालते आणि फोन उचलते. अडलेल्या कथा इतक्या वेळा हाताखालून गेल्या आहेत की समोरचा दोन वाक्यं बोलला की दोष साधारण कुठे असेल त्याचा अंदाज येतो. स्फूर्ती आटली आहे असं क्वचितच निघतं. बहुतेक वेळा कथेतल्या माणसाबद्दलची एखादी साधी गोष्ट लेखकाला माहीत नसते, आणि आपल्याला ती माहीत नाही हेही त्याच्या लक्षात आलेलं नसतं.

खालच्या तपासण्या फुकटात होणाऱ्या गोष्टींपासून सुरू होतात आणि कथा मोडण्यापर्यंत जातात. याच क्रमाने करा. लोक हटकून उलटं करतात: आधी कथा टाकून देतात, नवा विषय धरतात, आणि मग तोही तिसऱ्या पानावर अडतो.

लक्षणं

- पहिलं पान घासूनपुसून लख्ख झालं आहे. तिसरं पान रोज नव्याने सुरू होतं.
- पात्र खिडकीशी किंवा गॅलरीत बसून काहीतरी आठवतं आहे आणि दोन पानं झाली तरी उठायचं नाव घेत नाही.
- पाऊस, चांदणं, झाडांची सळसळ यांचं प्रमाण वाढत चाललं आहे.
- नायिकेचं नाव बदलून झालं, शीर्षक बदलून झालं, फॉन्टसुद्धा बदलून झाला.
- शेतमजूर, प्राध्यापक आणि सात वर्षांचं पोर, तिघंही एकसारखं बोलतात.
- "शेवट डोक्यात पक्का आहे, फक्त तिथपर्यंत पोचता येत नाही."

हे शेवटचं लक्षण ऐकलं की मी इतर चौकशी करत नाही, थेट पाचव्या तपासणीवर जाते. ज्यांनी अजून एक ओळही लिहिलेली नाही त्यांचं दुखणं वेगळं. त्यांनी चौथ्यापासून सुरुवात केली तरी चालेल.

1. काल लिखाण कुठे थांबवलं होतं?

प्रसंग पूर्ण करून, समाधानाने लॅपटॉप मिटला असेल, तर आज बसल्यावर समोर कोरी भिंत येणारच. प्रसंग पुरा झाला म्हणजे पुढचं दार तुम्हीच बंद केलंत. त्यापेक्षा पुढचं वाक्य माहीत असताना थांबा. "ती दार उघडते आणि" एवढंच लिहून उठा, नाहीतर उद्या काय होणार ते अर्ध्या ओळीत वहीत टिपून ठेवा. दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटं वाया जात नाहीत, आणि नोकरी-संसार सांभाळून लिहिणाऱ्याकडे एकूण वेळच पाऊण तास असतो, तेव्हा ही दहा मिनिटं फार मोठी असतात.

याच तपासणीतला दुसरा भाग: रोज पहिल्या पानापासून वाचत येता का? मग तुमचं बळ पहिल्या पानावरच खर्च होतं. पहिली दोन पानं वेगळ्या फाइलमध्ये टाका आणि कथा पुरी होईपर्यंत ती फाइल उघडू नका.

वेळेबद्दल उपदेश करायची मला भीती वाटते, कारण या बाबतीत सांगितली जाणारी उदाहरणं फसवी असतात. अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरी करायचा, पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा आणि घड्याळ समोर ठेवून पाव तासाला 250 शब्द लिहायचा. हे सगळे सांगतात. त्याला उठवायला आणि कॉफी आणून द्यायला एक नोकर होता आणि या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत, हे मात्र कोणी सांगत नाही. ट्रोलपने स्वतः आत्मचरित्रात या नोकराचं ऋण मानलं आहे. तुमच्या घरात पहाटेचा चहा, डबा आणि पाण्याची मोटर तुमच्याच गळ्यात असेल तर साडेपाचचा हट्ट सोडा. दुपारी ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं चालतील, फक्त ती रोजची असू द्या.

2. शुद्धलेखन बंद

ऱ्हस्व-दीर्घ तपासत तपासत लिहिणाऱ्यांची कथा हमखास अडते. शाळेत लाल शाईची इतकी धास्ती बसलेली असते की 'दुपारी' की 'दूपारी' यावर वाक्य थांबतं आणि तेवढ्यात पात्र हातातून निसटतं. मराठी साहित्य महामंडळाचे नियम 1962 पासून आहेत, 1972 मध्ये आणखी चार वाढून ते अठरा झाले; तुमची कथा पुरी होईपर्यंत ते कुठे पळून जात नाहीत. कच्चा मजकूर चुकांसकट येऊ द्या, आमच्याकडे मुद्रितशोधक आहेत. टायपिंगच नकोसं वाटत असेल तर फोनवर बोलून टाइप करा. जोडाक्षरं चुकतील, विरामचिन्हं येणार नाहीत, पण वाक्यं बोलल्यासारखी उतरतील. पुढच्या तपासणीत त्याचा फायदाच होतो.

3. मोठ्याने वाचा, शक्य तर रेकॉर्ड करा

खर्च शून्य, वेळ अर्धा तास. लोक लाजतात म्हणून हे टाळतात. मनात वाचताना डोळा वाक्यावरून सरकत जातो. तोंडाने वाचताना जिथे रस गेला तिथे तुमचाच आवाज पडतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये ते लपत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या कथांमध्ये अशी सुरुवात दर तिसरी: "सकाळची वेळ होती. सूर्य नुकताच उगवला होता. शांताबाई अंगणात उभ्या होत्या. त्यांच्या मनात विचारांचं काहूर माजलं होतं." यात चूक एकही नाही. फक्त हे वाचून झाल्यावर पुढे काय लिहायचं ते शांताबाईंनाही कळणार नाही, कारण त्यांनी काहीच केलेलं नाही. आता हे बघा: "शांताबाईंनी फाटकाची कडी तिसऱ्यांदा घातली. दूधवाला केव्हाच येऊन गेला होता." काहूर शब्द गेला, काहूर राहिलं. शिवाय पुढचं वाक्य आपोआप मागितलं जातं: मग कोण यायचं राहिलं आहे?

रेकॉर्डिंग ऐकताना पेन्सिल घेऊन बसा. जिथे 'करण्यात आले', 'असल्याचे जाणवले', 'एक प्रकारची' असं काही ऐकू येईल तिथे खूण करा. ही कचेरीची आणि वर्तमानपत्राची भाषा आहे. कथेत ती शिरली की घडणाऱ्या गोष्टीचा कर्ता गायब होतो. कर्ता गायब झाला की पुढे कोणी काही करत नाही आणि कथा अडते. खुणा झालेल्या वाक्यांत कोण काय करतं ते लिहिलंत तर निम्म्या कथा इथेच सुटतात.

4. फाइल बंद करून कोणालातरी गोष्ट सांगा

बहिणीला सांगा, शेजारच्या काकूंना सांगा, लोकलमधल्या ग्रुपला सांगा. लेखक मित्राला नको. तो कथेऐवजी शैलीबद्दल बोलेल. नवरा किंवा बायको चालेल, पण टीव्ही बंद असताना.

सांगताना दोन जागा पकडायच्या. ऐकणारा "मग?" म्हणतो ती एक. आणि तुम्ही "म्हणजे तसं काही होत नाही, पण तिला आतून वाटतं की..." असं म्हणता ती दुसरी. कथा अडली आहे ती या दुसऱ्या जागी. पात्राला नेमकं हवंय काय हे तिथे तुमचं ठरलेलं नसतं. 'तिला मुक्त व्हायचंय' हे ठरवणं झालं नाही. तिला सासूच्या नावावरचं गॅसचं कनेक्शन स्वतःच्या नावावर करून हवंय, हे ठरवणं. त्यासाठी तिला कागद लागतील, सासूची सही लागेल, सही मागायला जावं लागेल. झाली कथा सुरू.

ऐकणाऱ्याने मध्येच "आमच्याकडे पण असं झालं होतं" म्हणून स्वतःचा किस्सा सुरू केला तर त्याला अडवू नका. अंकात आलेल्या कित्येक चांगल्या कथा अशा मध्येच घुसलेल्या किश्शातून निघाल्या आहेत.

5. तुम्हाला काय माहीत नाही, त्याची यादी

सगळ्यात जास्त कथा मी इथे सोडवल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एका लेखकाची कथा होती निवृत्तीला आलेल्या एसटी कंडक्टरवर. मुक्कामी गाडी, शेवटचं गाव, रात्रीचे साडेआठ. "गाडी थांबली. तो खाली उतरला." त्यापुढे दीड पान चांदणं. शेवट ठरलेला होता: पहाटे त्याला आयुष्याचा अर्थ कळतो. मी विचारलं, खाली उतरल्यावर तो पहिलं काम काय करतो? उत्तर नाही. जेवतो कुठे? झोपतो कुठे? दिवसभराची रोख रात्रभर कुठे असते? लेखक म्हणाला, "हे सगळं लागतं का?" लागतं. ते माहीत नव्हतं म्हणून तर चांदणं आलं.

त्याला स्टँडवर पाठवलं. ड्यूटी संपलेल्या एका कंडक्टरने चहा पिता पिता सांगितलं: आधी सीटखाली कोणाचं काही राहिलंय का ते बघायचं. मग गाडीतल्या दिव्याखाली बसून मशीन दाखवतं ती रक्कम आणि बॅगेतली रोख जुळवायची. कमी भरली तर खिशातून घालावी लागते. डबा सकाळी भरलेला असतो, उन्हाळ्यात रात्रीपर्यंत भाजी टिकत नाही, मग गावातलं कोणीतरी कालवण देतं. झोपायचं गाडीतच, बॅग उशाला. सहाला पहिली फेरी.

लेखकाने परत येऊन विचारलं, रोख जास्त भरली तर? इथे कथा हलली. जास्त का भरेल? सुट्टे नव्हते म्हणून कंडक्टरने तिकिटामागे उरलेली रक्कम लिहून दिली आणि उतरताना प्रवासी पैसे घ्यायला विसरला. हे तर एसटीने फिरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मग कोण विसरलं? म्हातारी बाई असावी असं त्याला वाटत होतं. पण पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, म्हणजे ती पंच्याहत्तरीच्या आतलीच हवी. 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. मग तिकीट चाळीसचं, नोट शंभराची, उरले साठ. साठ रुपये परत करायला कंडक्टर रात्री बॅटरी घेऊन अनोळखी गावात घरं विचारत निघाला. रोख मागे ठेवता येत नाही म्हणून बॅग खांद्यालाच. आयुष्याचा अर्थ वगैरे कथेत कुठेही आला नाही आणि त्याची कोणाला आठवणही झाली नाही.

तेव्हा कागद घ्या आणि पात्राच्या एका दिवसातल्या तुम्हाला माहीत नसलेल्या गोष्टी लिहा. पैसे कुठून येतात, कोणाला हिशेब द्यावा लागतो, हत्यारं कोणती, कामाला निघताना काय विसरलं तर पंचाईत होते. यादीतल्या तीन गोष्टी शोधायला बाहेर पडा. तीनच, नाहीतर संशोधनाच्या नावाखाली लिखाण टाळण्याचा नवा रस्ता सापडेल. फारतर बसचं तिकीट आणि दोन चहा एवढाच खर्च. माणसं आपल्या कामाबद्दल भरभरून सांगतात, फक्त "मी तुमच्यावर गोष्ट लिहितोय" हे लपवू नका आणि त्यांचं खरं नाव-गाव वापरू नका.

जुन्या काळावर लिहीत असाल तर सार्वजनिक वाचनालय गाठा. पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून. तालुक्याच्या गावीही जुनी वाचनालयं असतात. जुने दिवाळी अंक मागवा आणि कथा सोडून जाहिराती वाचा. त्या काळी लोकांना काय हवंसं वाटत होतं आणि ते केवढ्याला मिळत होतं, हे तिथे छापलेलं असतं. म्हणी-वाक्प्रचारांसाठी दाते-कर्वे यांचा वाक्संप्रदाय कोश चाळा, पण त्यातून वेचून आणलेले वाक्प्रचार एका पानावर चार पेरू नका. लगेच ओळखू येतात.

चॅटबॉटला कथा सुचवायला सांगावी का, असं हल्ली सगळे विचारतात. माझा अनुभव असा की कथानक मागितलं तर आजीची पेटी, जुनं पत्र आणि समेट मिळतो. त्याऐवजी त्याला तुमची कथा वाचायला देऊन प्रश्न विचारायला लावा. वीसपैकी पंधरा प्रश्न टाकाऊ असतात, पण उरलेल्यांत एखादा 'रोख कुठे असते' असा निघतो. उत्तर मात्र स्टँडवर जाऊनच आणायचं.

6. कोण सांगतंय, आणि कुठल्या बोलीत?

पाचवी तपासणी करूनही कथा हलली नाही, तर एक संध्याकाळ खर्च करा. अडलेलं पान वेगळ्या माणसाच्या तोंडून लिहून काढा. कंडक्टरऐवजी ड्रायव्हर, सुनेऐवजी तिची जाऊ. सर्वज्ञ निवेदकाला सगळं माहीत असतं म्हणून तो वाट्टेल ते आठवत बसतो. जावेला अर्धंच माहीत असतं, म्हणून तिला दाराआडून ऐकावं लागतं.

बोलीचं दुखणंही इथेच सापडतं. नागपूरचा रिक्षावाला "काय करून राहिला बे" म्हणेल. त्याच्या तोंडी "आपण काय करत आहात" घातलंत तर तो पुढचं वाक्य बोलणारच नाही. पण जी बोली तुम्ही कानाने ऐकलेली नाही ती उसनी आणू नका. मालिका बघून लिहिलेली मालवणी आणि दोन ठिकाणी 'लई' टाकून केलेली ग्रामीण कथा आमच्याकडे पोत्याने येते. येत नसेल तर संवाद कमी करा, माणसाला कृती द्या. येत असेल, घरात अहिराणी किंवा वऱ्हाडी असेल, तर तिची लाज सोडा आणि निवेदनही त्यातच करून बघा. दोन परिच्छेदांत कळतं.

7. मोडतोड

हे शेवटी, कारण यात लिहिलेलं जातं. पहिली दोन पानं काढून कथा तिसऱ्या पानापासून वाचा. पुष्कळदा काहीच बिघडत नाही. तरीही अडलं तर हा ऐवज कथेचा आहे का, ते विचारा. काहीच घडत नसेल आणि आठवणी मात्र दाट असतील तर तो ललित लेख आहे, तसाच लिहा. चार पिढ्या आणि दोन गावं असतील तर ती कादंबरी आहे. दिवाळी अंकाच्या तीन हजार शब्दांत ती बसणार नाही. आणि यातलं काहीच नसेल तर ठेवून द्या. पुढच्या वर्षी त्यातलं एखादं पात्र दुसऱ्या कथेत कामाला येतं.

इथे थांबा, माणूस गाठा

लिखाणच नव्हे तर जेवण, झोप, माणसांना भेटणं, आवडीची गाणी, सगळ्यातलाच रस दोन आठवड्यांहून जास्त गेला असेल, तर वरची एकही तपासणी करू नका. हे कथेचं दुखणं नाही. डॉक्टरांना भेटा. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जगणं नको असे विचार येत असतील तर आजच, आत्ता फोन करा आणि घरातल्या कोणालातरी जवळ बसवा. लेखक म्हणजे उदास असायचाच, ही आपल्याकडची जुनी खुळी समजूत आहे आणि तिने माणसांचं नुकसान केलं आहे.

मनगट दुखतंय, बोटांना मुंग्या येतात आणि आठवडाभर विश्रांती घेऊनही फरक नाही, तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. बाम चोळत लिहू नका.

कथा एखाद्या जिवंत, ओळखू येणाऱ्या माणसावर किंवा कोर्टात चालू असलेल्या प्रकरणावर असेल तर अंकाकडे पाठवण्याआधी वकिलाला दाखवा. नाव बदललं की सुटलो असं नसतं. गाण्याच्या ओळी वापरायच्या असतील तर कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क शाबूत असतात, तेव्हा परवानगी लागते. बहुतेक ठिकाणी त्या ओळी काढून टाकणंच स्वस्त पडतं.

आणि सातही तपासण्या करून दोन पूर्ण खर्डे झाले, तरी काय चुकतंय ते कळत नसेल, तर तिसरा खर्डा करू नका. तुम्हाला ती कथा आता दिसतच नाही. संपादक गाठा. स्वतंत्रपणे काम करणारा असेल तर मोबदला आणि तो किती वेळा वाचणार हे आधी ठरवून घ्या. पाठवताना दोन्ही खर्डे पाठवा, कुठे अडलंय तो पानक्रमांक लिहा आणि पाचव्या तपासणीतली यादीही जोडा. "कशी वाटली?" एवढंच विचारलंत तर "छान आहे" एवढंच उत्तर येईल. आणि दिवाळी अंकासाठी हे करायचं तर जुलैत करा. अनंत चतुर्दशीनंतर आम्ही पानं लावत असतो.